उंबऱ्यावरची साखर

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, 'तुमच्या प्रयोगशाळेतल्या आठवणी लिहा, वाचकांना कुतूहल असतं.' वाचकांना असेलही. पण पुढ्यात फराळाचं ताट घेऊन लघवीच्या गोष्टी वाचायला कोण बसेल, हा प्रश्न मला पडला. माझं आयुष्य दुसऱ्यांच्या बाटल्या उजेडात धरून बघण्यात गेलं, त्यात माझा काय दोष? ज्यांना किळस येते त्यांनी पुढचं पान उलटावं. बाकीच्यांनी करंजी खाऊन घ्यावी आणि मग वाचावं, कारण गोष्ट साखरेचीच आहे.

एकाहत्तर-बाहत्तरचा काळ. राहात्याला एका डॉक्टरबाईंचं प्रसूतिगृह होतं, त्यात मी तपासणीचं काम करायची. पुण्याला कोर्स करून आले होते, वय चोवीस. प्रयोगशाळा म्हणजे मागच्या व्हरांड्याला लागून एक खोली, एक टेबल, एक स्पिरिटचा दिवा, रक्ताचा रंग मोजायचं एक यंत्र आणि काचेच्या नळ्या. प्रसूतिगृह असलं तरी आसपास दुसरीकडे तपासणीची सोय नव्हती, त्यामुळे धोतरवाले आणि टोपीवालेही माझ्याकडे येत.

साखर बघायची रीत सोपी होती. बेनेडिक्ट नावाचं निळं पाणी असतं. ते चमचाभर नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर माणसाला खुर्ची द्यायची. हजारदा केलं तरी रंग पालटायची वेळ आली की मी श्वास रोखून बघत असे. ही खोड मला लहानपणापासून, कशातही बोट घालून बघायची. आई म्हणायची, ही पोरगी एक दिवस विंचवाला हात लावून विचारेल, नांगी कुठाय.

गिऱ्हाइकंही तशीच भेटली. एका गुऱ्हाळवाल्या आण्णांची लघवी पहिल्याच खेपेला वीटकरी लाल आली. आण्णांना घाम फुटला. मी बाटलीचा वास घेतला आणि विचारलं, "आण्णा, यात आधी काय होतं?" तर म्हणाले, "काकवी हुती. पन धुतली की म्या दोनदा!" दुसऱ्या दिवशी स्वच्छ बाटलीतून आणली तर निळीशार. आणखी एक गृहस्थ तपासणीच्या आधी तीन दिवस नुसत्या ताकावर राहायचे, का, तर रिपोर्टात पास व्हायचं होतं. मी त्यांना म्हटलं, "दादा, ही परीक्षा नाही, कॉपी करून तुमचाच तोटा." ते म्हणाले, "व्हय, पन बायकूला कागद दाखवावा लागतो ना."

या दोन टोकांच्या मधली माणसं मात्र मला फार छळत. त्यांची साखर धड वाढलेली नसे, धड बरोबरही नसे. आता त्याला प्रीडायबेटिस म्हणतात आणि पेपरात त्यावर पानंच्या पानं येतात. आमच्या डॉक्टरबाई तेव्हा 'उंबऱ्यावरची साखर' म्हणत. आत यायचं की माघारी फिरायचं, हे तिचं ठरलेलं नसतं. अशा माणसाला नुसत्या निळ्या-हिरव्याने पकडता येत नाही. त्याला सकाळी अनशापोटी बोलवायचं, रक्त घ्यायचं, मग पेलाभर पाण्यात भरपूर ग्लुकोज विरघळवून पाजायचं आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा रक्त घ्यायचं. निरोगी माणसाची साखर वर चढते आणि दोन तासांत खाली उतरते. उंबऱ्यावरच्या माणसाची चढते आणि वरच रेंगाळते.

मंदा आली ती अशाच तपासणीसाठी. राहात्याजवळच्याच एका गावची, विशी-बाविशीची, शेतकरी घरातली सून. सोबत सासू भागूबाई, उंच, काळीसावळी आणि आवाजाने अख्खा दवाखाना भरून टाकणारी. मंदाची दोन बाळंतपणं झाली होती आणि दोन्ही मुलं नवव्या महिन्यात पोटातच गेली होती. दोन्ही चांगली मोठी, वजनदार. भागूबाई सांगत होती, "बाई, दुसऱ्याला तर बघून वाटंना की गेलंय म्हनून. गुबगुबीत, निजल्यावानी." मंदा खाली मान घालून नखाने टेबलाचा कोपरा खरवडत होती. तिसऱ्या खेपेचा पाचवा महिना चालू होता.

मोठी मुलं आणि शेवटच्या महिन्यातला घात, हे ऐकूनच डॉक्टरबाईंना साखरेचा संशय आला. लघवी तपासली तर हिरवी. तेवढ्यावरून काही ठरत नव्हतं, कारण काही बायकांच्या लघवीत गरोदरपणी साखर उगीचच झिरपते, रक्त ठीक असूनही. पण डॉक्टरबाईंचा स्वभाव तापट. त्यांनी मंदाला समोर बसवून बोट नाचवत बजावलं, "साखर, गूळ, ऊस सगळं बंद. तुझ्या बाळाला ते विष आहे, विष! समजलं?" आणि चार दिवसांनी ग्लुकोजच्या तपासणीला बोलावलं.

त्या दिवशी मी पहिलं रक्त घेतलं आणि पेला तिच्या हातात दिला. "सगळं पी. गोड आहे फार, पण पी." ती म्हणाली, "मळमळतंय, भाईर वाऱ्याला बसून पिते." मागच्या व्हरांड्यात गेली आणि रिकामा पेला घेऊन आली. मग अर्ध्या अर्ध्या तासाने मी रक्त काढलं.

आकडे आले ते बघून मी चक्रावले. साखर चढलीच नव्हती. पहिल्या नळीत जेवढी, तेवढीच शेवटच्या नळीत, ताटात पाणी ठेवावं तशी सपाट. डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्हणजे रक्त चांगलं आहे, नुसती झिरपते आहे. सुटली बिचारी." भागूबाईला सांगितलं तर तिने तिथल्या तिथे जाहीर केलं, "आता घरी जाऊन डिंकाचं लाडू वळते!" डॉक्टरबाईंचं समाधान झालं होतं. माझं होईना. पेलाभर ग्लुकोज पोटात गेल्यावर इतकं सपाट राहणारं रक्त मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात नळ्या धुवायला गेले तर कठड्याखालच्या पपईच्या बुंध्याशी मुंग्यांची फौज जमलेली. एका ओंजळीएवढ्या मातीवर नुसता लाल थर. मी बघत राहिले. मग खोड उसळली. चमचाभर माती आणली, पाण्यात ढवळली, गाळली आणि ते पाणी निळ्या बेनेडिक्टमध्ये टाकून दिव्यावर धरलं. हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लाल. पपईला मधुमेह झालेला नव्हता हे उघड होतं. माझं ग्लुकोज मंदाने तिथे ओतलं होतं.

का ओतलं, याचं उत्तर मला एका क्षणात मिळालं. मिळालं म्हणजे मी ठरवून टाकलं. छपन्न साली आमचं घर बौद्ध झालं, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. घरात बदल झाला, पण गावच्या विहिरीला तो कळला नव्हता. दवाखान्यातही काही बायका गोळी घ्यायला घरचा तांब्या आणत. एकीने मी दिलेलं पाणी नुसतं ओठाला लावून ठेवून दिलं होतं. रक्त काढायला हात चालतो, कारण रक्त बाहेर जातं. पाणी आत जातं. तेव्हा या पोरीने माझ्या हातचं ओतून दिलं, यात नवल ते काय!

मला राग आला आणि त्या रागात मी एक वाईट गोष्ट केली. दोन दिवस गप्प बसले. 'बसू दे आपल्या सोवळ्यात, खाऊ दे लाडू,' असं मनात म्हणत राहिले. लाडू कुणाला बाधणार होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. आज सत्तरी ओलांडल्यावरही त्या दोन दिवसांची मला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी जेवण अर्ध्यावर टाकून उठले. डॉक्टरबाईंना जाऊन म्हटलं, "मंदाची तपासणी पुन्हा करायला हवी. तिला उलटी झाली असावी." उलटी-बिलटी काही नव्हती, पण रजिस्टरातही तसंच लिहिलं. नोकरीत मी लेखी खोटं एकदाच लिहिलं, ते हे. खरं कारण लिहायचं तर त्यात माझी जात लिहावी लागली असती. गावाकडे निरोप धाडला: लाडू बंद करा, जेवण नेहमीचं ठेवा आणि परवा अनशापोटी या. वर एक वाक्य मी माझं घातलं, 'येताना पाणी आणि पेला घरून आणा.' म्हटलं, पुरे झाला मान-अपमान, पोरीच्या पोटात ग्लुकोज जाऊ दे.

दोघी आल्या. चिंचेने घासलेला लखलखीत तांब्या, पितळी पेला. मी पहिलं रक्त घेतलं, ग्लुकोजचा बंद डबा तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "तूच कालव." मग चार पावलं मागे जाऊन पाठ करून उभी राहिले. कुणी आपल्याला टाळत असलं की त्याला अवघड होऊ नये म्हणून आपणच बाजूला व्हायचं, ही सवय आम्हाला शिकवावी लागत नाही. पण माझ्यासमोर औषधांचं काचेचं कपाट होतं आणि त्या काचेत मला दिसलं, मंदा पेला घेऊन हळूच व्हरांड्याकडे निघाली होती.

मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं. पेला कठड्यावर कलता झालेला.

"आता काय झालं?" मी ओरडलेच. "पाणी तुझं, भांडं तुझं! अजून काय बाटलंय?"

तिने पेला सरळ केला. म्हणाली, "बाई, मला नका पाजू हो. डाक्टरीनबाई म्हनल्या, साखर म्हंजी इख. आन तुमी त्येच पेला भरून पाजताय. दोन गेली माझी. ह्ये बी जाईल."

माझ्या हातातलं तिचं मनगट मी सोडलं. आठवड्यापूर्वी तिला विष म्हणून सांगितलेली वस्तू मी पेलाभर पुढे केली होती आणि का पाजते आहे, हे तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. दोन मुलं गमावलेली कुठलीही आई ते ओतूनच देईल. मी तिच्या जागी असते तर पेलाही फोडला असता.

आवाज ऐकून भागूबाई व्हरांड्यात आली. "अगं, मंग बोलली का न्हाईस?"

"कुनाला बोलू? तुमी समदी म्हनता, डाक्टर सांगतील तसं कर. डाक्टर दोन सांगत्यात."

मी तिला खाली बसवलं आणि माझ्या धंद्यात आधी करायचं ते काम उशिरा केलं. सांगितलं, "मंदा, रोज खायची साखर तुला वाईट असेल की नाही, तेच बघायचंय. एकदा दिल्याने बाळाला काही होत नाही. तुझं शरीर ती साखर कशी जिरवतं, ते रक्तात दिसतं. ते कळलं तरच बाळाला सांभाळता येईल." तिने मला दोनदा विचारलं, "काय न्हाई ना व्हनार?" दोनदा नाही म्हटल्यावर डोळे मिटून पेला एका दमात रिकामा केला.

अर्धा तास बसायचं होतं. भागूबाईने माझ्याकडे बघत विचारलं, "पर बाई, ह्ये भांडं घरून का आनाया लावलं? मला वाटलं, तुमी लई सोवळ्यातल्या हाव, आमच्या उष्ट्याचा पेला तुमाला चालत नसंल."

हसावं की रडावं! मी आजवर कुणाला सोवळ्यातली वाटले नव्हते. एकदा वाटलं, सांगावं की स्वच्छतेसाठी. पण सकाळपासून पुरेसा घोळ न सांगितल्यामुळेच झाला होता. म्हणून म्हटलं, "मी बौद्ध आहे, भागूबाई. तुम्हाला माझ्या हातचं चालणार नाही, असं मला वाटलं."

भागूबाईने रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चालतं का न्हाई, ते घरी गेल्यावर बघू. आदी पोरीचं रगत घे, टाइम झाला."

या वेळी साखर चढली आणि वरच रेंगाळली. दोन तासांनीही खाली यायचं नाव नाही. लघवीची नळी पिवळी. उपाशीपोटीचं रक्त मात्र चांगलं. डॉक्टरबाईंनी नगरच्या एका मोठ्या डॉक्टरांना ट्रंक कॉल लावला आणि ठरवलं, साखर उंबऱ्यावरच आहे, तिला तिथेच थोपवायची. दोन्ही वेळा मोजून भाकरी, सोबत पालेभाजी आणि मोड आलेली मटकी, चहा बिनसाखरेचा, जेवणानंतर रानातून एक फेरी. आणि घरी रोज लघवीची तपासणी. या खेपेला डॉक्टरबाईंनी बोट नाचवलं नाही. प्रत्येक गोष्ट का करायची, ते अर्धा तास बसून सांगितलं.

घरची तपासणी शिकायला मंदापेक्षा भागूबाईच पुढे. मी तिला नळी, पकड आणि निळ्या पाण्याची बाटली दिली. तिला लिहिता येत नव्हतं, मग नोंद कशी ठेवणार? आठ दिवसांनी ती एक सुतळी घेऊन आली. सुतळीला गोधडीच्या चिंध्या बांधलेल्या, एका दिवसाला एक. निळी, निळी, हिरवी, निळी. मी तिच्यासमोर ती चिंध्यांची माळ टेबलावर पसरली आणि रजिस्टरात उतरवून घेतली. माझ्या रजिस्टरापेक्षा ती सुबक होती, हे कबूल करते.

तीन माळा झाल्यावर मला एक गंमत दिसली. दर सातवी चिंधी पिवळी. मी विचारलं, "भागूबाई, हा कुठला वार?" बोटांवर मोजून ती म्हणाली, "बाजाराचा." मंदा लालेलाल. नवरा बाजारातून कागदात बांधून गुळाच्या पाकातली गोडीशेव आणत होता आणि बायकोला चोरून खाऊ घालत होता. दोन मुलं गेल्यापासून पोरगी हसली नव्हती, गोडीशेव दिली की हसायची, एवढंच त्याचं कारण. भागूबाईने घरी जाऊन लेकाचा काय समाचार घेतला, ते मला ठाऊक नाही. पुढच्या बाजारच्या दिवसाची चिंधी निळी होती, आणि त्या दिवशी त्याने तिला गजरा आणला होता.

सातव्या महिन्यात मात्र पथ्य पाळूनही हिरव्या चिंध्या वाढल्या. रक्त बघितलं, साखर सरकली होती. गोळ्या होत्या तेव्हा, पण पोटातल्या बाळाला नकोत म्हणून डॉक्टरबाईंनी सकाळी थोडं इन्सुलिन सुरू केलं. घरात फ्रिज कुठला! कुपी छोट्या मडक्यात, मडकं ओल्या वाळूत. सुई टोचायला मंदा स्वतः शिकली. पहिल्या दिवशी मी तिचा हात धरला, दुसऱ्या दिवशी तिने धरू दिला नाही. दुष्काळाचं वर्ष लागत होतं, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आली होती. तिची भाकरी किती द्यायची, हे विचारायला भागूबाई मुद्दाम दोन कोस चालत आली. तिच्या मते ती ज्वारी माणसाच्या खायची नव्हती, पण साखरेला बरी असेल तर पोरीला घालायची तयारी होती.

नववा महिना लागला तशी भागूबाईची बडबड बंद झाली. मागची दोन्ही याच दिवसांत गेली होती. डॉक्टरबाईंनी थांबायचं नाही असं ठरवलं आणि पंधरा दिवस आधीच मंदाला दाखल करून कळा आणवल्या. दुपारभर मी तिची लघवी तासातासाला तपासत होते. आत डॉक्टरबाई, बाहेर बाकावर भागूबाई, हातात शेवटची सुतळी. एकेक चिंधी ती पुन्हा पुन्हा मोजत होती. मीही नळी धुते, पुसते, पुन्हा धुते.

चारच्या सुमाराला रडणं ऐकू आलं. आधी बारीक, मग दवाखाना भरून टाकणारं. मुलगी होती, आजीच्या आवाजाची. भागूबाई उठलीच नाही. सुतळी डोळ्यांना लावून बसल्या जागी हुंदके देत राहिली आणि मी तिच्याशेजारी बसून माझं तोंड पदराने पुसलं.

बारशाला मला आमंत्रण होतं. गेले. आत बायकांची गर्दी, पाळणा सजवलेला, घुगऱ्यांचा वास. जेवणाची वेळ झाली तेव्हा कुणा म्हातारीने माझं ताट बाहेर ओट्यावर मांडलं. मांडताना माझ्याकडे बघितलं नाही. मी मुकाट्याने बसले. उठून जावं असं वाटत होतं, पण आत ते पोर झोपलेलं होतं आणि मंदाच्या आनंदात मला विघ्न नको होतं.

भागूबाई दारात आली. ओट्यावरचं माझं ताट तिने बघितलं. आत गेली. मला वाटलं, झालं, घरी गेल्यावर बघू म्हणाली होती, ते बघून झालं. एवढ्यात ती स्वतःचं ताट घेऊन बाहेर आली आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसली.

आतून हाक आली, "भागूबाई, भाईर कशापायी?"

"आत जागा न्हाई," ती म्हणाली.

आत भरपूर जागा होती. मला आत घेऊन जायचा धीर तिला त्या दिवशी झाला नव्हता, आणि मला एकटीला बाहेर ठेवायचाही झाला नव्हता. आम्ही जेवायला लागलो. माझ्या ताटात बुंदीचे दोन लाडू होते. एक मी खाल्ला, दुसऱ्याकडे हात नेला तर तिने मनगट धरलं.

"एकच बास. साखर उंबऱ्यावर कवा येती, कळत न्हाई."

आणि माझ्या ताटातला तो दुसरा लाडू उचलून, दारात जमलेल्या सगळ्यांच्या देखत, तिने स्वतः खाऊन टाकला.